कमावलेली पकड : प्रस्तावना

सुरगाणा तालुक्यात आवणीच्या दिवसांत कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो माणूस वेळेत ग्रामीण रुग्णालयात पोहोचला, तर त्याच्या शिरेत जे औषध सोडतात ते घोड्याच्या अंगात तयार झालेलं असतं. त्या घोड्याला महिनोन्‌महिने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष टोचलेलं असतं, आधी अगदी थोडं, मग वाढत्या मात्रेने. पुढे त्याचं रक्त काढून त्यातली प्रतिपिंडं वेगळी करतात, पेप्सिन वापरून त्यांचा नको असलेला भाग तोडतात आणि उरलेलं वाळवून कुपीत भरतात. पाणी घातलं की दहा मिलिलिटर औषध होतं. सुरुवातीलाच अशा आठ-दहा कुप्या लागतात. एका मिलिलिटरने नागाचं आणि घोणशीचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यारीचं आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी झालं पाहिजे, असं प्रमाण आपल्याकडे ठरलेलं आहे.

हीच प्रतिपिंडं माणसाला स्वतः बनवता येत नाहीत असं नाही. येतात, पण नेटकी, घट्ट पकडीची प्रतिपिंडं बनायला आठवडे लागतात आणि मण्यार चावल्यावर हातात काही तास असतात. प्रतिपिंडांच्या शास्त्राचा औषधाशी जो काही संबंध आला, तो या एका अडचणीतून आला. लस टोचून आपण शरीराला आधीच वेळ देतो. सीरम देताना दुसऱ्या प्राण्याने वेळ खर्चून कमावलेलं आयतं घेतो. तो वेळ नेमका कशात जातो, त्या आठवड्यांत पेशींच्या आत काय चाललेलं असतं, हा या पुस्तकाचा विषय आहे. मराठीत लशींविषयी आणि साथींविषयी बरंच लिहिलं गेलं. या आतल्या कामाविषयी फार थोडं.

गंमत अशी की काम कसं चालतं हे कळण्याच्या कितीतरी आधी माणसाने त्याचं फळ वापरायला सुरुवात केली. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवलं, की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याचं सीरम दुसऱ्या प्राण्याला दिलं तर तोही वाचतो. चार वर्षांनी फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी हीच युक्ती नागाच्या विषावर वापरली. सीरम बाटलीत भरून वसाहतींमध्ये पाठवलं गेलं आणि काही काळ असा समज पसरला, की एक सीरम सगळ्या सापांवर चालेल. तो समज मोडण्यात मुंबईचाही हात होता. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला लस टोचून घेतली, त्या कामातून उभी राहिलेली प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच प्रयोगशाळेत जॉर्ज लँब यांनी नाग आणि घोणस यांच्या विषांचा बारकाईने अभ्यास केला. नागाविरुद्धचं सीरम घोणशीपुढे हतबल ठरतं, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झालं. प्रतिपिंड ज्या विषावर तयार झालं त्यालाच ते ओळखतं, ही गोष्ट आपल्या देशात अशी जिवावरच्या प्रश्नातून पुढे आली. चार सापांचं एकत्र सीरम हे त्यावरचं उत्तर.

पण मग एक मोठं कोडं उभं राहिलं. शरीर किती वेगवेगळ्या गोष्टी ओळखू शकतं? कार्ल लँडस्टायनर यांनी प्रयोगशाळेत बनवलेली, निसर्गात कधीच नसलेली रसायनं प्रथिनांना जोडून प्राण्यांना टोचली, आणि प्राण्यांनी त्यांच्याविरुद्धही नेमकी प्रतिपिंडं बनवली. जी वस्तू पृथ्वीवर कधी नव्हती तिच्यासाठी शरीर आधीपासून तयार कसं असेल?

इथे शास्त्रज्ञांचे दोन पक्ष पडले आणि जवळजवळ अर्धं शतक ते भांडत राहिले. एका पक्षाचं म्हणणं सरळ होतं: परकी वस्तू आत येते, प्रतिपिंडाचं प्रथिन तिच्याभोवती घडी घालतं आणि तिचा आकार उचलतं. लायनस पाउलिंग यांच्यासारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने १९४० साली हा विचार मांडला, त्यामुळे त्याला वजन आलं. दुसऱ्या पक्षाची मुळं पाउल एर्लिख यांच्यापर्यंत जातात, पण त्याला आजचं रूप १९५५ नंतर मिळालं. नील्स येर्ने म्हणाले, प्रतिपिंडं आधीच असतात, परकी वस्तू त्यांतून फक्त निवड करते. १९५७ मध्ये मॅकफार्लेन बर्नेट आणि डेव्हिड टालमेज यांनी निवड प्रतिपिंडांची नव्हे तर पेशींची होते असं सुचवलं: प्रत्येक पेशी एकाच प्रकारचं प्रतिपिंड बनवते, आणि जिचं प्रतिपिंड परक्या वस्तूला चिकटतं तिची संतती वाढते. पुढच्याच वर्षी गुस्ताव नॉसल आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी एकेक पेशी वेगळी करून तपासली आणि एक पेशी एकच प्रतिपिंड बनवते हे दाखवलं. पाउलिंग हरले. मला हा पराभव फार शिकवणारा वाटतो, कारण त्यांची कल्पना मूर्खपणाची नव्हती. सामान्य माणूस आजही तसाच विचार करतो: शरीर जंतू 'बघतं' आणि त्याला साजेसं हत्यार 'घडवतं'. वर्गात, दवाखान्यात, बातम्यांत सगळीकडे हीच भाषा चालते. प्रत्यक्षात शरीर काहीच बघत नाही. ते आंधळेपणाने असंख्य प्रकार बनवून ठेवतं आणि नंतर त्यांतून छाटणी करतं.

निवडीचा पक्ष जिंकला, पण त्याच्यासमोरचा हिशेब अवघड होता. आपल्याकडे प्रथिनं बनवणारी जनुकं जेमतेम वीस हजार आहेत. प्रतिपिंडांचे प्रकार कोट्यवधी. एका प्रकाराला एक जनुक म्हटलं तर गुणसूत्रांत जागाच पुरणार नाही. प्रतिपिंडाची रचना रॉडनी पोर्टर आणि जेराल्ड एडलमन यांनी उलगडली, त्याबद्दल १९७२ चा नोबेल त्यांना मिळाला. दोन जड साखळ्या, दोन हलक्या, आणि प्रत्येक साखळीच्या टोकाला एक बदलता भाग. उरलेला भाग मात्र जवळपास सारखाच. एकाच प्रथिनाचं एक टोक इतकं चंचल आणि दुसरं इतकं स्थिर कसं? विल्यम ड्रेयर आणि जे. क्लॉड बेनेट यांनी १९६५ साली धाडस करून लिहिलं, की ही दोन वेगळी जनुकं असावीत आणि पेशीत ती एकत्र येत असावीत. एक जनुक म्हणजे एक साखळी, हा तेव्हाचा धर्म. त्यामुळे फार थोड्यांनी त्यांचं ऐकलं.

१९७६ साली बाझेलमध्ये सुसुमू तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी उंदराच्या गर्भाचा डीएनए आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या अर्बुदाच्या पेशींचा डीएनए शेजारी ठेवून तपासले. गर्भात दूर दूर असलेले तुकडे प्रौढ पेशीत जवळ आलेले होते. म्हणजे आयुष्याच्या प्रवासात काही पेशी स्वतःचा डीएनए कापतात, मधला भाग टाकून देतात आणि टोकं जोडतात. वारसा म्हणून मिळालेली संहिता शरीरातली एखादी पेशी कायमची बदलते, ही गोष्ट त्या काळच्या जीवशास्त्राला पचायला जड होती. तोनेगावांना १९८७ चा नोबेल एकट्याला मिळाला.

माणसात जड साखळीसाठी साधारण चाळीस कामाचे 'व्ही' तुकडे, तेवीस 'डी' आणि सहा 'जे' आहेत. हलक्या साखळीत 'डी' नसतो. बोनमॅरोत वाढणारी प्रत्येक बी पेशी, म्हणजे प्रतिपिंड बनवणारी पेशी, यांतून एकेक तुकडा उचलते. दोन्ही साखळ्यांच्या नुसत्या जुळणीचा गुणाकार केला तर सतरा-अठरा लाख प्रकार होतात. पण खरी भर सांध्यावर पडते: जोडताना काही अक्षरं कुरतडली जातात, आणि टीडीटी नावाचं विकर मनाला येईल तशी नवी अक्षरं मध्ये घालतं. मग प्रकारांची मोजदाद निरर्थक होते. कापण्याचं काम करणारी आरएजी-१ आणि आरएजी-२ ही जनुकं डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड शात्स आणि मार्जोरी ओटिंजर यांनी १९८९-९० च्या सुमारास शोधली. १९९८ मध्ये असं दिसलं, की या जनुकांपासून बनणारी विकरं डीएनएत इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या जुन्या परोपजीवी तुकड्यांसारखीच वागतात. सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी जबडा असलेल्या माशांच्या पूर्वजांत असा एक आगंतुक शिरला आणि तिथेच कामाला लागला, असं आज मानतात.

आता वाचकाने इथे थोडं थांबावं, कारण या विषयातला सर्वात मोठा गोंधळ इथेच होतो. जनुकांची ही उलथापालथ प्रतिपिंडाची पकड वाढवण्यासाठी होत नाही. ती परक्या वस्तूची गाठ पडण्याच्या आधी, बोनमॅरोत, कोणताही हेतू नसताना होते. त्यातून फक्त विविधता मिळते, आणि सुरुवातीची पकड बहुतेक वेळा सुमारच असते. पकड वाढते ती नंतर, दुसऱ्या जागी, दुसऱ्या यंत्रणेने. चांगल्या पाठ्यपुस्तकांतूनही ही दोन कामं एकाच परिच्छेदात येतात आणि विद्यार्थी ती एकच समजतो. या पुस्तकाने दोन्ही वेगळी ठेवली, एवढ्यासाठीसुद्धा मी ते आनंदाने वाचलं.

ती दुसरी जागा शेतावर राबणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पायात काटा मोडला, जखम चिघळली, की जांघेत अवधाण येतं. ती गाठ म्हणजे लसिकाग्रंथी, आणि ती सुजते कारण तिच्या आत बी पेशी भराभर दुणावत असतात. तिथल्या केंद्रांत एआयडी नावाचं विकर बी पेशींच्या प्रतिपिंड-जनुकावर हल्ला करतं. ते डीएनएतलं 'सी' हे अक्षर बदलून 'यू' करतं, ते दुरुस्त करताना पेशी चुका करते आणि हजार अक्षरांमागे दर विभाजनाला साधारण एक नवा बदल पडतो. शरीरात इतरत्र जनुकं ज्या वेगाने बदलतात त्याच्या जवळजवळ दहा लाखपट हा वेग आहे. एआयडीचा शोध क्योतोमध्ये तासुकू होंजो यांच्या चमूने १९९९ साली लावला. ते डीएनएवरच थेट काम करतं, हे पुढे केंब्रिजच्या मायकेल न्यूबर्गर यांनी पक्कं केलं.

बहुतेक बदल वाईटच असतात. अशा पेशी मरतात. काहींची पकड किंचित सुधारते. मग परक्या वस्तूच्या तुटपुंज्या साठ्यासाठी पेशींत चढाओढ लागते. जिची पकड घट्ट, ती जास्त माल ओढून घेते, तो टी पेशी या दुसऱ्या जातीच्या प्रतिकारपेशीला दाखवते, आणि टी पेशीचा होकार मिळाला की तिला पुन्हा दुणावण्याची मुभा मिळते. पुन्हा बदल, पुन्हा छाटणी. सुरगाण्यातली शेतकरीण खळ्यावर नागलीची चांगली भरलेली कणसं बियाण्यासाठी वेगळी काढते आणि पुढच्या वर्षी त्यांतलीच पुन्हा निवडते, तसंच हे काम. फक्त इथे एक हंगाम काही तासांचा असतो. दोन-तीन आठवड्यांत पकड कित्येक पटींनी वाढते. हर्मन आयसेन आणि ग्रेगरी सिस्किंड यांनी १९६४ साली सशांवर हेच मोजलं होतं, अजून जनुकांचा पत्ता लागायचा होता तेव्हा. त्यांच्या निष्कर्षातली एक गोष्ट मला आजही विलक्षण वाटते: टोचलेली मात्रा कमी असेल तर शेवटची पकड जास्त चांगली येते. माल कमी, म्हणून चढाओढ कडक.

लशीच्या दोन डोसांत अंतर का ठेवतात याचं बरंचसं उत्तर यात आहे. बाळाला पेंटाव्हॅलंट सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी, मग सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पाच-सहा वर्षांचं असताना डीपीटीचा बूस्टर, पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. आशाताई दारोदार फिरून हे वेळापत्रक पाळायला लावतात आणि 'एकदा टोचलं ना, परत कशाला?' हा प्रश्न रोज ऐकतात. पहिल्या डोसाने निवड सुरू होते. पुढचे डोस निवडलेल्या स्मृतिपेशींना पुन्हा त्याच केंद्रात पाठवतात. हे एका वाक्यात सांगता येतं, पण सांगणाऱ्याला ते आतून समजलेलं असलं तर ऐकणाऱ्याला पटतं.

या व्यवस्थेची किंमतही मोठी आहे. स्वतःचा डीएनए कापणारी पेशी कधी चुकीच्या ठिकाणी सांधा जोडते. आठव्या गुणसूत्रावरचं 'मिक' हे वाढीचं जनुक चौदाव्या गुणसूत्रावर, प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसलं की बर्किट लिंफोमा होतो. उलट आरएजी जनुकंच बिघडलेली असतील तर बाळाला ना बी पेशी मिळतात ना टी पेशी. अशा बाळाला जन्मतःच दिलेली बीसीजी लसही अंगभर पसरून जीव घेऊ शकते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. देशभरातल्या अशा मुलांचं निदान तिथे होतं. दूरच्या पाड्यावर मात्र असं बाळ 'न्यूमोनियाने गेलं' एवढीच नोंद मागे राहते.

एक अवांतर गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बी पेशीतला 'बी' आला कोंबडीकडून. पक्ष्यांच्या मागच्या बाजूला एक छोटी पिशवी असते, बर्सा. सोळाव्या शतकातल्या फाब्रिसियसने तिचं वर्णन केलं, पण तिचं काम कुणाला माहीत नव्हतं. १९५६ मध्ये ब्रूस ग्लिक यांनी ती काढलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडं तयार होत नाहीत हे दाखवलं आणि ते कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकात छापलं. प्रतिकारशास्त्राच्या लोकांनी ते वाचायला काही वर्षं घेतली. त्यातही मौज पुढे आहे: कोंबडीकडे जोडण्यासारखा कामाचा 'व्ही' तुकडा जवळजवळ एकच. ती शेजारच्या मोडक्या जनुकांतून अक्षरं उचलून त्याच्यावर चिकटवते आणि विविधता कमावते. म्हणजे आपली वाट ही एकमेव वाट नाही.

आता 'आज हे कशाला' या प्रश्नाकडे येतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने बारा लाख माणसं गेल्याचा अंदाज मांडला, वर्षाला सुमारे अठ्ठावन्न हजार. २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करण्याचा कृती आराखडा जाहीर केला. पण आपलं सीरम ज्या विषावर बनतं ते बरीच वर्षं मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येत आलं आहे. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक वेगळं असतं, आणि काही ठिकाणी त्यामुळे सीरम कमी पडतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या चमूने वारंवार दाखवलं आहे. सह्याद्रीतल्या झाडोऱ्यात सापडणारा चापडा तर त्या चारांत नाहीच. ज्या विषावर पेशींची निवड झाली तेवढीच त्यांची पकड, हा लँब यांच्या काळातला धडा नव्या रूपात परत आला आहे. घोड्याला कुठल्या सापाचं विष टोचलं, हा प्रश्न नार-पारच्या खोऱ्यातल्या माणसानेही विचारावा असा आहे.

विंचवाची कहाणी वेगळ्या वळणाची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातले मृत्यू खाली आणले. पुढे २०११ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत प्राझोसिनला विंचवाच्या अँटिव्हेनमची जोड दिली तर रुग्ण लवकर सावरतो असं दिसलं. ग्रामीण दवाखान्यातून जागतिक नियतकालिकात गेलेलं हे काम आहे, आणि ते प्रतिपिंडांच्या इतिहासात सहसा मोजलं जात नाही.

घोड्यावरचं अवलंबित्व कमी करण्याचा मार्ग १९७५ साली गेऑर्गेस क्योलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी उघडला: एका निवडलेल्या बी पेशीला अमर करायचं आणि तिचं एकच प्रतिपिंड हवं तेवढं बनवायचं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कहाणी घोड्यांपासून सुरू होते. पूनावालांच्या फार्मवरचे निवृत्त घोडे हाफकिनला जात, त्यातून १९६६ मध्ये स्वतःची कंपनी निघाली. त्याच कंपनीने अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्सबरोबर रेबीजविरुद्धचं एकल प्रतिपिंड बाजारात आणलं. ते ज्या उंदरांत सापडलं त्यांच्यात माणसाची प्रतिपिंड-जनुकं घातलेली होती. तुकडे माणसाचे, जुळणी आणि छाटणी उंदराच्या पेशींची. पिसाळलेलं कुत्रं चावलं की जखमेत भरायचं सीरम घोड्याकडूनच किंवा दात्यांच्या रक्तातूनच आलं पाहिजे, ही अट त्यामुळे उरली नाही.

सापांच्या बाबतीतही हालचाल आहे. २०२४ मध्ये स्क्रिप्स संशोधन संस्था आणि बंगळुरूचा चमू यांनी मानवी प्रतिपिंडांच्या कृत्रिम संग्रहातून नाग-मण्यार कुळातल्या एका मोठ्या विषगटाला रोखणारं प्रतिपिंड वेचून काढलं. २०२५ मध्ये टिम फ्रीडी या अमेरिकी माणसाच्या रक्तातली दोन प्रतिपिंडं आणि एक औषध यांच्या मिश्रणाने नागकुळातल्या एकोणीस सापांच्या विषाविरुद्ध उंदरांना पूर्ण किंवा काही अंशी वाचवलं. फ्रीडीने वर्षानुवर्षं स्वतःला विष टोचून घेतलं होतं. घोड्याचं काम माणसाने केलं. कुणीही त्याचं अनुकरण करू नये हे वेगळं सांगायला नको.

या पुस्तकाच्या लेखिका सुरगाण्याच्या परिसरात विज्ञान शिकवतात. त्यांनी परिचारिका, आशा कार्यकर्त्या आणि बारावीनंतर आरोग्याच्या क्षेत्रात जाऊ पाहणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. सूत्रं कमी, प्रयोग भरपूर: कुणी काय मोजलं, कशावरून निष्कर्ष काढला, कोण कुठे हटून बसलं. शास्त्रीय नावांची ओढूनताणून केलेली मराठी रूपं त्यांनी टाळली, ते बरं केलं. टी पेशींना मात्र त्यांनी फारच थोडी जागा दिली, ही माझी तक्रार आहे. निवडीचा अंतिम शब्द त्यांचा असताना त्या पुस्तकात पाहुण्यासारख्या येतात. ज्यांना रसायनशास्त्राची धास्ती आहे त्यांनी सर्पविषाच्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल.

आणखी एका मुद्द्यावर माझा लेखिकेशी मतभेद आहे. एकल प्रतिपिंडं लवकरच सीरमची जागा घेतील असा त्यांचा सूर आहे. मला तसं वाटत नाही. नागकुळाचं विष मुख्यतः छोट्या, एकमेकांशी साम्य असलेल्या विषांवर चालतं, म्हणून दोन-तीन प्रतिपिंडं तिथे भागवू शकतील. घोणस आणि फुरशाच्या विषात वेगवेगळ्या कामांची प्रथिनं एकत्र असतात, रक्त गोठण्याची साखळी ती अनेक ठिकाणी तोडतात, आणि प्रत्येकासाठी वेगळं प्रतिपिंड शोधून ते परवडणाऱ्या भावात तालुक्यापर्यंत आणायला वेळ लागेल. घोड्याच्या प्रथिनांचा त्रास खरा आहे, म्हणूनच सलाईन लावताना ॲड्रिनलिन हाताशी ठेवतात. तरी फुरशाच्या दंशावर आज घोडाच हजारो प्रकारची प्रतिपिंडं एकदम देऊ शकतो, आणि माझ्या अंदाजाने तो अजून बरीच वर्षं कामावर राहील.